होआ लो कारागृह संग्रहालय, हनोई : पाडल्या गेलेल्या वैमानिकांच्या दोन दालनांविषयी

हनोईत दोन दिवस मुक्काम असेल, तर त्यातील एक सकाळ होआ लो कारागृह संग्रहालयाला अवश्य द्यावी. मात्र तिकीट काढण्याआधी त्रुक बाक तळ्यावर जाऊन यावे, हे मी आग्रहाने सांगेन. आमच्या गटातील बहुतेकांनी संग्रहालय आधी पाहिले आणि तळे राहूनच गेले. मी एक दिवस मागे राहिले, तळ्याकाठी सकाळ घालवली आणि मग पुन्हा एकदा होआ लोला गेले. दुसऱ्या भेटीत मला जे दिसले, ते पहिल्या भेटीत दिसले नव्हते. हे परीक्षण त्या दुसऱ्या भेटीचे आहे, आणि ते मुख्यतः संग्रहालयाच्या शेवटच्या दोन दालनांविषयी आहे, म्हणजे व्हिएतनाम युद्धात पाडल्या गेलेल्या अमेरिकी वैमानिकांच्या दालनांविषयी.

त्रुक बाक हे हनोईच्या मोठ्या पश्चिम तळ्याला लागून असलेले छोटे तळे असून दोहोंच्या मधून थान निएन हा झाडांनी भरलेला रस्ता जातो. २६ ऑक्टोबर १९६७ रोजी अमेरिकी नौदलाचे लेफ्टनंट कमांडर जॉन मॅकेन (पुढे अमेरिकेचे सिनेटर झालेले) ओरिस्कनी या विमानवाहू नौकेवरून ए-४ स्कायहॉक विमान घेऊन निघाले. तळ्याजवळचे औष्णिक वीजकेंद्र हे त्यांचे लक्ष्य होते आणि हे त्यांचे तेविसावे उड्डाण होते. जमिनीवरून सुटलेल्या क्षेपणास्त्राने विमानाचा उजवा पंख तोडला. विमान गरगरत खाली येत असताना त्यांनी आसनासकट स्वतःला बाहेर फेकले आणि त्या धक्क्यात त्यांचे दोन्ही हात व उजवा पाय मोडला. पॅराशूट उघडले, पण ते उतरले ते थेट तळ्याच्या पाण्यात. अंगावरच्या जड सामानामुळे ते तळाशी गेले, हात चालत नसल्यामुळे त्यांनी जीवरक्षक जाकिटाची कळ दातांनी ओढली, आणि काठावरून पोहत आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. त्या लोकांमध्ये माई वान ओन नावाचे गृहस्थ होते. पुढे १९९६ मध्ये मॅकेन त्यांना हनोईत येऊन भेटले. काठावर जमलेला जमाव मात्र संतापलेला होता. बंदुकीच्या दस्त्याने मॅकेन यांचा खांदा मोडला गेला आणि त्यांना संगीनही भोसकली गेली. ज्या शहरावर ते बॉम्ब टाकायला आले होते त्याच शहरातील एका माणसाने त्यांना बुडताना वाचवले आणि दुसऱ्याने त्यांच्यावर संगीन चालवली, आणि दोन्ही गोष्टी काही मिनिटांच्या अंतराने घडल्या. काठावर उभे राहिल्याशिवाय हे नीट उमगत नाही, कारण तळे खरोखरच लहान आहे आणि घरे अगदी पाण्याला टेकलेली आहेत.

रस्त्याच्या कडेला या घटनेचे एक दगडी स्मारक आहे. गुडघ्यांवर बसलेला, दोन्ही हात वर केलेला वैमानिक आणि त्याच्या पकडले जाण्याची नोंद, एवढेच त्यावर आहे. त्या दिवशी पाडलेल्या दहा विमानांपैकी हे एक, असे ती नोंद सांगते. हे विजयाचे स्मारक म्हणून उभारले गेले. पण ऑगस्ट २०१८ मध्ये मॅकेन यांचे निधन झाले, तेव्हा हनोईतील लोकांनी याच दगडापाशी फुले आणून ठेवली. स्मारकापाशी थांबण्यास दहा मिनिटे पुरतात, पण ती दहा मिनिटे पुढच्या तीन तासांना अर्थ देतात.

होआ लो कारागृह शहराच्या मध्यभागी, होआन किएम तळ्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तिकीट ५०,००० डोंगांचे, म्हणजे आपल्या सुमारे पावणेदोनशे रुपयांचे आहे. ऑडिओ गाइडचे पैसे वेगळे पडतात, पण ते वाचवू नयेत. दालनांतील पाट्या त्रोटक आहेत आणि ऑडिओ गाइड मात्र तपशिलाने, पात्रांच्या आवाजांसह, थांबत थांबत सांगतो. इंग्रजी निवेदन सावकाश आणि स्वच्छ आहे, त्यामुळे ज्यांना इंग्रजी ऐकण्याची फारशी सवय नाही त्यांनाही ते समजेल. सकाळी आठला दार उघडते. दहानंतर शाळांच्या सहली आणि पर्यटकांचे गट येतात आणि अरुंद बोळांतून एकमेकांना धक्के लागू लागतात, म्हणून आठलाच जावे.

‘होआ लो’ या शब्दाचा अर्थ भट्टी किंवा चूल. या गल्लीत पूर्वी मातीच्या चुली विकल्या जात. फ्रेंचांनी १८९६ मध्ये इथे मध्यवर्ती कारागृह बांधायला घेतले, ते व्हिएतनामी राजकीय कैद्यांसाठी. जेमतेम पाचशे माणसांसाठी आखलेल्या या जागेत पुढे दोन हजारांच्या आसपास माणसे कोंबली गेली. संग्रहालयाचा तीन चतुर्थांश भाग या फ्रेंच काळाचा आहे आणि तो मांडणीच्या दृष्टीने उत्कृष्ट आहे. एका लांब खोलीत दोन रांगांत बसवलेले माणसांच्या आकाराचे पुतळे आहेत, आणि प्रत्येकाचा पाय लाकडी खोड्यात अडकवलेला आहे. पहिल्यांदा आत शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत ते पुतळे आहेत हे कळत नाही. अंदमानचे सेल्युलर जेल पाहिलेल्या मराठी माणसाला इथे काहीही समजावून सांगावे लागत नाही. एक साम्राज्य इंग्रजांचे, दुसरे फ्रेंचांचे, पण एकांतकोठडीची खिडकी दोघांनीही कैद्याचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचावर ठेवली. पुढे गिलोटिन, म्हणजे शिरच्छेदाचे यंत्र आहे, मूळचे, लाकूड काळवंडलेले. १९५१ च्या नाताळच्या आदल्या रात्री फाशीच्या कैद्यांनी ज्या गटारातून पळ काढला, त्या गटाराचा तुकडाही जपून ठेवला आहे.

अंगणात एक झाड आहे. ते पाहून मी थांबले, कारण ते आपल्याकडचे देशी बदामाचे झाड आहे, मुंबईच्या शाळांच्या पटांगणांत आणि कोकणातल्या किनाऱ्यांवर असते तेच. कैदी याची पाने व साल आमांशावर औषध म्हणून वापरत, फळे खात आणि लाकडापासून बारीकसारीक वस्तू करत. ऑडिओ गाइडमधील हा भाग मला सर्वांत आवडला, कारण त्यात कैदी केवळ सोसणारा राहत नाही, तो हाताशी असेल त्यातून काहीतरी घडवणारा होतो. हाच विचार मनात धरून मी वैमानिकांच्या दालनांत गेले, आणि तिथे तो नेमका हरवलेला दिसला.

ही दोन दालने शेवटी येतात. काचेमागे एक वैमानिकाचा पोशाख, शिरस्त्राण आणि पॅराशूट आहे. मॅकेन यांचा पोशाख म्हणून तो दाखवला जातो आणि जवळपास प्रत्येक पर्यटक तिथे छायाचित्र काढतो. भिंतींवर छायाचित्रे आहेत. त्यांत वैमानिक पत्ते खेळताना दिसतात, बास्केटबॉल खेळताना दिसतात, नाताळसाठी झाड सजवताना आणि कोंबडीचे जेवण घेताना दिसतात. कैद्यांना दिलेले कपडे, पांघरुणे आणि भांडी नीट मांडून ठेवली आहेत. सुटकेच्या वेळची छायाचित्रे आहेत. एकूण कथन असे की, हे लोक शहरावर बॉम्ब टाकताना पकडले गेले आणि तरीही त्यांना माणुसकीने वागवले गेले.

या कथनाचा पहिला भाग खरा आहे आणि तो भारतीय प्रेक्षकाने काळजीपूर्वक पाहिला पाहिजे. उद्ध्वस्त घरांची आणि ढिगाऱ्यांतून माणसे काढणाऱ्या शेजाऱ्यांची छायाचित्रे याच दालनात आहेत. उत्तर व्हिएतनामवरील नियमित बॉम्बवर्षाव मार्च १९६५ मध्ये सुरू झाला आणि त्याचा अखेरचा मोठा तडाखा डिसेंबर १९७२ मध्ये बी-५२ या अवजड बॉम्बफेकी विमानांनी हनोईला दिला. त्या डिसेंबरात खाम थिएन या दाट वस्तीच्या रस्त्यावर एका रात्रीत अडीचशेहून अधिक माणसे मेली. त्या शहराने आपल्या संग्रहालयात पकडलेल्या वैमानिकाकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे ठरवण्याचा अधिकार त्या शहराचाच आहे आणि मला त्याबद्दल तक्रार नाही.

अडचण दुसऱ्या भागाची आहे. त्या छायाचित्रांमधले पत्ते खरे आहेत आणि नाताळचे झाडही खरे आहे. पण त्यांतून दिसते ती कैद सर्वकाळची नव्हती. १९६५ ते १९६९ या वर्षांत या कैद्यांना दोरांनी, हात पाठीमागे ओढून, खांदे निखळेपर्यंत बांधले जाई, आणि ते कबुलीजबाब लिहून देईपर्यंत सोडले जात नसे. उत्तर व्हिएतनामने १९५७ मध्ये युद्धकैद्यांच्या वागणुकीविषयीचा जिनिव्हा करार स्वीकारला होता, परंतु युद्ध अधिकृतपणे जाहीर झालेले नसल्यामुळे हे वैमानिक युद्धकैदी नसून गुन्हेगार आहेत, अशी त्याची भूमिका होती. ६ जुलै १९६६ रोजी बेड्या घातलेल्या वैमानिकांना हनोईच्या रस्त्यांवरून जमावामधून चालवण्यात आले. १९६९ च्या शेवटाकडे वागणुकीत सुधारणा झाली आणि १९७० च्या नोव्हेंबरात अमेरिकी तुकडीने कैदी सोडवण्यासाठी सोन ताय येथील, पण तोवर रिकाम्या झालेल्या, छावणीवर छापा घातल्यानंतर विखुरलेले कैदी होआ लोच्या मोठ्या खोल्यांत एकत्र आणले गेले. आधीची वर्षे या दालनांतून गाळली गेली आहेत.

मॅकेन यांचेच उदाहरण घ्यावे, कारण संग्रहालयानेच त्यांना मध्यभागी ठेवले आहे. पकडल्यानंतर त्यांना याच कारागृहात आणले गेले आणि ते नौदलातील ॲडमिरलचे पुत्र आहेत हे कळेपर्यंत धड उपचारही झाले नाहीत. काही आठवड्यांनी त्यांना हनोईतीलच दुसऱ्या छावणीत हलवले, जिला कैदी ‘प्लँटेशन’ म्हणत. त्यांच्या एकांतवासाचा मोठा काळ तिथे गेला, होआ लोमध्ये नव्हे. इथे फिरणारे अनेक जण त्यांची कोठडी शोधत राहतात, म्हणून हे सांगितले. १९६८ च्या जुलैत त्यांचे वडील पॅसिफिक विभागातील सर्व अमेरिकी सैन्याचे प्रमुख झाले आणि त्याच सुमारास मॅकेन यांना लवकर सुटकेचा प्रस्ताव आला. जे आधी पकडले गेले ते आधी सुटतील, हा कैद्यांचा आपसांतला नियम होता. मॅकेन यांनी तो मोडला नाही आणि नकार दिला. त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये चार दिवस मारहाण झाल्यावर त्यांनी एका कबुलीजबाबावर सही केली, आणि ती सही आयुष्यभर त्यांना सलत राहिली, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ते १४ मार्च १९७३ रोजी सुटले. हात खांद्यांच्या वर नेणे त्यांना पुढे कधीच जमले नाही. पोशाखाच्या काचेसमोर यातले एखादे वाक्य असते, तर तो पोशाख निव्वळ छायाचित्रापुरता राहिला नसता.

पण मला खरी खंत वाटते ती भिंतीबद्दल. कैद्यांना एकमेकांशी बोलण्याची बंदी होती. एफ-१०५ विमानाचे वैमानिक कार्लाइल हॅरिस ४ एप्रिल १९६५ रोजी थान होआजवळच्या हाम रोंग पुलावर हल्ला करताना पाडले गेले. त्यांना प्रशिक्षणाच्या दिवसांत एका शिक्षकाने चहापानाच्या सुट्टीत, अभ्यासक्रमाबाहेरची गोष्ट म्हणून, भिंतीवर टकटक करून बोलण्याची एक जुनी लिपी दाखवली होती. पाच ओळी आणि पाच रकाने, इंग्रजी वर्णमाला त्यांत बसवायची, आणि पंचवीस घरांत सव्वीस अक्षरे मावत नाहीत म्हणून ‘के’ वगळून त्याचे काम ‘सी’ वर भागवायचे. आधी ओळीइतक्या टकटका, मग क्षणभर थांबून रकान्याइतक्या. ‘एच’ म्हणजे दोन आणि तीन, ‘आय’ म्हणजे दोन आणि चार. हॅरिस यांनी ही लिपी सोबतच्या तिघांना शिकवली, पुढे त्यांना वेगळे केल्यावर ती भिंतीभिंतींतून पसरली, आणि लवकरच कैद्यांची एक पूर्ण फौज तयार झाली, जिच्यात ज्येष्ठतेप्रमाणे आज्ञा दिल्या जात, नव्याने आलेल्याचे नाव पाठ केले जाई आणि चौकशीहून मोडून परत आलेल्याला शेजारची भिंत धीर देई. झाडूचे फटके, खोकला, बादलीचा आवाज, सगळ्यांतून हीच लिपी चाले. अंगणातल्या देशी बदामाविषयी जे ममत्वाने सांगितले गेले, अगदी तसेच हे सांगता आले असते. हाताशी असेल त्यातून काहीतरी घडवणे म्हणजे हेच.

रॉबिन्सन रिस्नर हे नावही इथे मला ठळक दिसायला हवे होते. कोरियन युद्धात सोव्हिएत बनावटीची आठ मिग विमाने पाडलेला हा लढाऊ वैमानिक १६ सप्टेंबर १९६५ रोजी पकडला गेला आणि सात वर्षांहून अधिक काळ कैदेत राहिला. त्याआधी काही महिने एका अमेरिकी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र आले होते, त्यामुळे आपल्या हाती कोण लागले आहे हे पकडणाऱ्यांना ठाऊक होते आणि त्याची किंमत रिस्नर यांना मोजावी लागली. फेब्रुवारी १९७१ मध्ये होआ लोच्या मोठ्या खोलीत त्यांनी व सहकाऱ्यांनी बंदी झुगारून प्रार्थना घेतली. पहारेकरी त्यांना ओढून नेऊ लागले, तेव्हा मागे राहिलेल्या कैद्यांनी एका सुरात आपले राष्ट्रगीत म्हटले. त्या क्षणी आपली उंची नऊ फूट झाली असे वाटले, असे रिस्नर पुढे सांगत, आणि अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत त्यांचा पुतळा त्यामुळेच बरोबर नऊ फुटांचा आहे.

हे गाणे ज्या खोलीत म्हटले गेले ती खोली आता शोधू नये. १९९० च्या दशकात कारागृहाचा बहुतांश भाग पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या. प्रवेशद्वारावरच्या जाड भिंतीच्या मागे त्या दिसतात. आज आपण पाहतो तो दर्शनी भागाचा उरलेला तुकडा आहे. भिंतच राहिली नसताना तिची भाषा सांगण्याची जबाबदारी संग्रहालयावर अधिक येते, असे मला वाटते. एक साधा फलक, पंचवीस चौकोनांचा, आणि शेजारी टकटक करून पाहण्यासाठी एक विटांचा तुकडा एवढे केले तरी शाळकरी मुले तिथून हलणार नाहीत.

आपल्याकडच्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर १० डिसेंबर १९७१ रोजी सुखोई-७ विमानातून पाकिस्तानात पाडले गेले, रावळपिंडीच्या छावणीत राहिले आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये दोन सहकाऱ्यांसह भिंत पोखरून निसटले. अफगाण सीमेच्या अलीकडे, लंडी कोतल येथे, ते पुन्हा पकडले गेले आणि १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सीमेवरून भारतात परतले. होआ लोच्या त्या गटाराच्या तुकड्यासमोर उभी असताना मला त्यांचीच आठवण झाली. शत्रूच्या कैद्याची हिंमत मोकळेपणाने सांगितल्याने आपली हार होत नाही, हे मला तिथे फार तीव्रतेने जाणवले.

कैद्यांनी या जागेला ‘हनोई हिल्टन’ हे नाव, हिल्टन या बड्या हॉटेलांवरून, उपरोधाने दिले होते. दालनात ते नाव येते, पण त्यातला उपरोध ओळखायला आधीची वर्षे माहीत असावी लागतात. जानेवारी १९७३ मध्ये युद्धविरामाचा पॅरिस करार झाला, १२ फेब्रुवारीपासून झा लाम विमानतळावरून वाहतूक विमाने निघू लागली आणि एकूण ५९१ अमेरिकी कैदी परतले. त्यांपैकी एक, पीट पीटरसन, एफ-४ चे वैमानिक, सप्टेंबर १९६६ मध्ये पकडले गेले होते आणि साडेसहा वर्षे कैदेत होते. १९९७ मध्ये तेच अमेरिकेचे एकसंध व्हिएतनाममधील पहिले राजदूत म्हणून हनोईत आले आणि ज्या खेड्यात ते पकडले गेले होते तिथे जाऊन, त्यांना पकडणाऱ्या गावकऱ्यांसोबत बसून चहा प्याले.

प्रत्यक्ष भेटीसाठी तीन तास ठेवावेत. त्यातला दीड तास फ्रेंच भागाला जाईल आणि तो जावाच. दहा वर्षांखालील मुलांना गिलोटिनच्या खोलीत नेऊ नये. खोड्यांची खोलीही लहान मुलांना घाबरवते. वरिष्ठ नागरिकांसाठी पायऱ्या फारशा नाहीत, पण बसायला जागा कमी आहे आणि अंगणातले बाक लवकर भरतात. वैमानिकांच्या दालनांत ऑडिओ गाइडवर विसंबू नये. आदल्या रात्री हॉटेलवर हॅरिस, रिस्नर आणि मॅकेन यांच्याविषयी स्वतः काही वाचून जावे. फ्रेंच भागासाठी मी पाचपैकी पाच गुण देईन आणि वैमानिकांच्या दालनांसाठी दोन, आणि तरीही त्या दोन दालनांसाठी मी पुन्हा तिकीट काढीन. बाहेर पडल्यावर वेळ उरला, तर शहराच्या न्गोक हा भागातील छोट्या तळ्यावर जावे. डिसेंबर १९७२ मध्ये पडलेल्या एका बी-५२ चे अवशेष तिथे पाण्यातून अजून वर आलेले दिसतात, आणि भोवतीच्या घरांतील लोक त्या काठावर सकाळचा बाजार करतात.